सिव्हिल झालेला मुलगा कोडिंग शिकायला बसतो तेव्हा



जून-जुलैत शाळेच्या कार्यालयाबाहेर दाखल्यांसाठी गर्दी असते. त्या गर्दीत दरवर्षी एखादा जुना पालक भेटतो. त्याचा मुलगा शाळा सोडून सहा-सात वर्षं झालेली असतात, कागद वगैरे काही न्यायचा नसतो. गर्दी ओसरेपर्यंत तो झाडाखाली थांबतो आणि मग हळूच म्हणतो, "सर, पोराले इंजिनिअर केलं. सिव्हिल. आता म्हणते साइटवर जात नाही, घरी बसूनच कॉम्प्युटरचं शिकतो. दिवसभर दार लावून बसते. काय करावं?"

कधी सिव्हिलच्या जागी मेकॅनिकल असतं, कधी इलेक्ट्रिकल. प्रश्न तोच. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे इंजिनिअरिंगचा खर्च बहुतेक घरांत सोयाबीन-कपाशीच्या पैशातून किंवा कर्जातून झालेला असतो. चार वर्षं शिकवून झाल्यावर पोरगं "आता दुसरंच शिकतो" म्हणतं, तेव्हा बापाच्या पोटात गोळा येणारच. शेजारीपाजारी विचारतात, "अजून घरीच का?" आणि दार लावून बसलेलं पोरगं खरंच शिकतंय की मोबाइल पाहतंय, हे कळायला घरच्यांना काही मार्ग नसतो.

हा लेख त्या झाडाखालच्या प्रश्नासाठी आहे. मी सॉफ्टवेअरमधला माणूस नाही, गणित शिकवणारा आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलांना या वाटेवर जवळून पाहिलं. त्यातल्या एकाची वही आणि लॅपटॉप तर मी बऱ्याच रविवारी सोबत बसून पाहिलाय. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

शाखा बदलणं नवीन नाही

"आपली शाखा सोडली" हे आपण एखादा गुन्हा केल्यासारखं बोलतो. पण भारतातला सॉफ्टवेअरचा धंदा मुळात ज्यांनी उभा केला, ते बहुतेक दुसऱ्याच शाखांतून आलेले होते.

फकीरचंद कोहली हे नाव ऐकलं असेल. त्यांना भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणतात. हा माणूस वीज अभियंता. मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत १९५१ पासून होते, आणि वीजपुरवठ्याच्या नियंत्रणासाठी संगणक कसा वापरता येईल यात त्यांनी लक्ष घातलं. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस सुरू झाली, आणि १९६९ मध्ये त्यांना तिकडे पाठवण्यात आलं. म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीत. आपल्याकडे पंचविशीतल्या पोराला "आता उशीर झाला" म्हणतात, म्हणून वय मुद्दाम सांगितलं. त्या काळात आपल्या देशात संगणकशास्त्राची बी.टेक. पदवीच सुरू झालेली नव्हती. त्यामुळे कंपनीला माणसं घ्यायची तर इतर शाखांचीच घ्यावी लागत, आणि कामाचं शिक्षण कामावरच द्यावं लागे.

नारायण मूर्ती हे दुसरं उदाहरण. म्हैसूरहून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले. आयआयटी कानपूरमध्ये ते नियंत्रणशास्त्र शिकायला गेले होते. तिथे १९६३ पासून आयबीएमचा १६२० हा संगणक होता. १९६८ च्या एका सकाळी नाश्त्याच्या वेळी अमेरिकेतून आलेल्या एका संगणकतज्ज्ञाशी त्यांची गाठ पडली. तो या विषयात काय काय घडतंय ते सांगत होता. मूर्ती तिथून उठले ते थेट ग्रंथालयात गेले, त्याने सांगितलेले चार-पाच शोधनिबंध वाचले, आणि बाहेर पडताना संगणक शिकायचा हे ठरवूनच बाहेर पडले. ही हकीकत त्यांनी स्वतः भाषणात सांगितलेली आहे. पुढे १९८१ मध्ये इन्फोसिस स्थापन झाली ती आपल्या पुण्यात. बंगळूरला ती नंतर गेली.

आणि आपल्या वऱ्हाडातलंच नाव घ्यायचं तर डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. नागपूरच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इलेक्ट्रिकल घेऊन ते पदवीधर झाले. अमेरिकेने महासंगणक द्यायला आडकाठी केल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

पुण्यातली केपीआयटी ही कंपनी आज गाड्यांमधलं सॉफ्टवेअर बनवते. तिचे संस्थापक रवी पंडित आणि किशोर पाटील हे तर इंजिनिअरसुद्धा नाहीत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. क्विक हीलचे कैलास काटकर साताऱ्याच्या रहिमतपूरचे. दहावीनंतर कॉलेजात न जाता ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, आणि यंत्रं उघडून उघडून शिकत संगणकापर्यंत आले. अँटिव्हायरस लिहिला तो मात्र धाकट्या भावाने, संजयने, आणि संजयला कॉलेजात संगणकच शिकायला लावलं होतं ते कैलास यांनी. एकाच घरात एक जण हाताने शिकला आणि एक जण वर्गात शिकला, आणि दोघं लागले.

ही नावं सांगताना मला एक भीती वाटते. पालक घरी जाऊन मुलाला म्हणतील, "बघ, मूर्तींनी केलं." तसं करू नका. त्या काळात या क्षेत्रात माणसं कमी आणि काम वाढतं होतं. आज उलट आहे. संगणक शाखेची पदवी घेतलेली मुलंच दरवर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. २०२१-२२ च्या सुमारास कंपन्यांनी नवख्या मुलांची भरपूर भरती केली आणि त्यानंतर हात आखडता घेतला. त्यामुळे शाखा बदलून येणाऱ्याला आज "मी शिकू शकतो" एवढं म्हणून भागत नाही, करून दाखवावं लागतं. तरीही वाट बंद झालेली नाही, आणि तिच्यावर चालताना जुनी शाखा ओझं होत नाही. उलट कधी कधी तीच कामी येते. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही, एका सळईच्या हिशोबातून कळलं.

बारा मिलिमीटरची सळई आणि शून्य किलो

माझा हा विद्यार्थी आधी पॉलिटेक्निकला गेला, मग सिव्हिलचा बी.ई. झाला. दोन वर्षं एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होता. पगार तीन-तीन महिने लांबायचा. मग मित्रांचं ऐकून त्याने पुण्यातल्या एका क्लासला ७५ हजार भरले. '१०० टक्के प्लेसमेंट' असं फलकावर लिहिलेलं होतं. सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले, शेवटी "मुलाखतीला आम्ही पाठवू, पास होणं तुमच्या हातात" असं ऐकून तो दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने शेगावला उतरला तो परत गेलाच नाही. वडिलांनी झाडाखाली मला गाठलं ते त्यानंतर.

मी त्याला एवढंच म्हटलं, "रविवारी ये, काय शिकलास ते दाखव." आला. पाठ केलेलं बरंच होतं, व्याख्या धडाधड म्हणायचा. पण स्वतःचं म्हणून एकही काम केलेलं नव्हतं. मी विचारलं, साइटवर रोज कुठला हिशोब करायचास? म्हणाला, सळईच्या वजनाचा.

सिव्हिलवाल्यांना हे सूत्र झोपेतही येतं: सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. हे १६२ कुठून आलं, हे मात्र त्याला सांगता येईना. तेव्हा आम्ही दोघांनी वहीवर काढलं. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे पाय भागिले चार गुणिले व्यासाचा वर्ग. मिलिमीटरचे मीटर केले आणि सगळं एकत्र केलं की व्यासाच्या वर्गाला सुमारे १६२ ने भागल्यासारखं होतं. नववीतलं गणित आहे. नववी-दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे फळ्यावर जरूर करून पाहावं. मुलांच्या घरी बांधकाम चालू असलं तर विचारूच नका, पोरं संध्याकाळी सळई मोजायला जातात.

मग त्याने हाच हिशोब सी भाषेत लिहिला. १२ मिलिमीटरची सळई टाकली. उत्तर आलं शून्य. १० ची टाकली, शून्य. ८ ची, शून्य. १६ ची टाकली तर १, आणि २० ची टाकली तर २.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "सर, हे होऊच शकत नाही. बाराची सळई मीटरला पाऊण किलोच्या वर भरते. मी उचललीय ना."

हे वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थांबतो. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तरही पूर्णांकच मिळतं, दशांश चिन्हापुढचं सगळं गळून जातं. १२ चा वर्ग १४४. १४४ भागिले १६२ म्हणजे ०.८८९. पुढचं गळालं, उरलं शून्य. २० चा वर्ग ४००, भागिले १६२ म्हणजे २.४७, उरले २. १६२ च्या जागी १६२.० लिहिलं की संगणक दशांशात हिशोब करतो आणि उत्तर बरोबर येतं. चूक एका टिंबाची होती. पण नुसती भाषा पाठ केलेल्या मुलाला कोणी वीस मिलिमीटरच्या सळईचं उत्तर २ दाखवलं असतं, तर त्याला ते खरं वाटलं असतं. ज्याने सळई खांद्यावर वाहिली, त्याला ते खोटं आहे हे दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये निम्मं काम हे दिसण्याचंच असतं, असं मला आता वाटू लागलंय.

त्या दिवसापासून त्याने क्लासच्या नोट्स बाजूला ठेवल्या.

पुढच्या रविवारी त्याने स्वतःच प्रश्न आणला. सळई साधारण १२ मीटर लांबीची येते. समजा कामाला ५ मीटरचे ४ तुकडे आणि साडेतीन मीटरचे ८ तुकडे हवेत. किती सळया लागतील? त्याच्या डोक्यात आलेली पहिली युक्ती अशी: मोठे तुकडे आधी कापून घ्यायचे. एका सळईत ५ चे दोन बसतात, २ मीटर वाया. दोन सळयांत चारही झाले. साडेतीनचे एका सळईत तीन बसतात, म्हणून ८ तुकड्यांना तीन सळया. एकूण ५. हेच त्याने प्रोग्रामात लिहिलं आणि प्रोग्रामही ५ म्हणाला. पोरगं खूश.

त्याच्या गावात सळई बांधणारा एक मिस्त्री आहे, शाळा चौथीपर्यंत. त्याला सहज विचारलं तर तो म्हणाला, "चार." एक ५ चा आणि दोन साडेतीनचे, १२ पुरे. असं चार वेळा. एक इंचही वाया नाही.

यानंतरचे तीन आठवडे त्या मुलाने जे शिकून काढलं, ते सहा महिन्यांच्या क्लासात झालं नव्हतं. "आत्ता समोर जे बरं दिसतं ते घ्या" ही पद्धत कुठे चालते आणि कुठे फसते. सगळ्या शक्यता तपासायच्या तर त्या किती होतात. तुकडे वाढले की शक्यता कशा आवाक्याबाहेर जातात. आणि अशा वेळी चालेल इतपत चांगलं उत्तर कसं शोधायचं. संगणकशास्त्रात हा जुना, नावाजलेला प्रश्न आहे. कागद कापणारे, काच कापणारे, सळई कापणारे सगळ्यांनाच तो पडतो. पोरगं साइटवरून सरळ त्या प्रश्नाच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं.

कशाने शिकायचं

साधनांची यादी देण्याचा मला कंटाळा आहे, कारण यादी मिळाली की मुलं यादीच जमा करत बसतात. तरी पालक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो.

इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहायला द्या. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, फुकट, आणि त्यातले अनेक मराठीत ऐकायला मिळतात. आपल्याकडे लाईटचा आणि नेटचा भरवसा नाही, हे धडे उतरवून ठेवता येतात. त्यांची पद्धत मला आवडते: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर आपण तेच करायचं. थोडं पाहा, थांबवा, करा. नुसतं पाहत राहायला जागाच नाही.

थोडा पाया झाला की एनपीटीईएल आहे, आयआयटीचेच प्राध्यापक तिथे शिकवतात. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस ५० हा अभ्यासक्रमही फुकट आहे. तो चित्रांच्या ठोकळ्यांपासून सुरू होतो, मग सी, मग पायथन, मग डेटाबेस. इंग्रजी ऐकायची सवय असेल त्याने घ्यावा. यातलं एकच काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत न्या.

आणि इंग्रजीबद्दल अजून एक. सी भाषेच्या जुन्या प्रमाणात राखीव शब्द किती? ३२. पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत सुमारे ३५. आमची पाचवीची मुलं एका महिन्यात याहून जास्त स्पेलिंग लिहितात. अडचण शब्दांची नसते, चूक दाखवणारा संदेश न वाचता मुलं घाबरून पान बंद करतात, ही असते. पायथनमध्ये असा लांबलचक लाल मजकूर आला की आधी सगळ्यात खालची ओळ वाचायची. काय चुकलं ते तिथे असतं, आणि कुठल्या ओळीत चुकलं ते तिच्या वर असतं. माझ्या विद्यार्थ्याने पहिले दोन महिने असे सगळे संदेश वहीत उतरवले, समोर मराठीत अर्थ लिहिला. आता ती वही त्याची चुलत बहीण वापरते.

यंत्र जुनं चालतं, पण मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. लॅपटॉप नसेल तर गावातल्या एमएस-सीआयटी केंद्रात तासाच्या हिशोबाने बसू देतात का विचारा. शाळेची लॅब सुट्टीत रिकामी असते, मुख्याध्यापकांशी बोला. आम्ही बोललो, मिळाली.

आता चॅटजीपीटीसारखी साधनंही आलीत. त्यांना विचारलं की प्रोग्राम क्षणात मिळतो, मग शिकायचं कशाला, असं एका पालकाने मला विचारलं. रास्त प्रश्न आहे. मी त्यांना सळईचंच उदाहरण दिलं. उत्तर ५ आलं तर ते चूक आहे हे कोणाला कळणार? मिस्त्रीला कळेल, किंवा ज्याने स्वतः हात घालून पाहिलं त्याला. साधन वापरू द्या. फक्त मिळालेली प्रत्येक ओळ मुलाला समजावून सांगता आली पाहिजे. नाही आली तर ती ओळ त्याची नाही.

सगळ्यांनी घरीच शिकावं असंही नाही. काहींना वर्ग, परीक्षा, सोबती लागतात, त्यात कमीपणा नाही. सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. एमसीए दोन वर्षांचं आहे. गेटचा संगणकशास्त्राचा पेपर दुसऱ्या शाखेचा मुलगाही देऊ शकतो, आणि २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता असा वेगळा पेपरही आहे. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका.

पालकांनी काय पाहायचं

दारामागे शिकणं चाललंय की नाही, हे कोडिंग न येणाऱ्या बापालाही कळू शकतं. "किती झालं?" असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. आठवड्यातून एकदा म्हणा, "या आठवड्यात काय बनवलं ते चालवून दाखव." शेतमजुरांच्या हजेरीचा हिशोब असेल, किराणा दुकानाची उधारी असेल, काहीही चालेल. मग तुम्ही स्वतः त्यात वाकडंतिकडं काहीतरी टाका. मजुरांची संख्या उणे चार टाका. दराच्या जागी नाव लिहा. प्रोग्राम कोसळला तर मुलाला रागवू नका, तो वहीत लिहून घेईल आणि दुरुस्त करेल. तुम्ही जे केलं त्याला कंपन्यांमध्ये टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

तीन आठवडे दाखवायला काहीच नसेल, तर मात्र बसून बोला. मुलगा खोटं बोलत असेल असं नाही. बहुतेकदा तो अडकलेला असतो आणि सांगायची लाज वाटते. एकट्याने शिकण्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. वर्गात अडकलेल्याला शेजारचा दिसतो, घरी अडकलेल्याला फक्त भिंत दिसते. म्हणून जवळपास असाच कोणी शिकत असेल तर दोघांची गाठ घालून द्या. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही गावात अशी दोन-चार पोरं निघतातच. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. आपल्या भागातली किती घरं तिथून शिकलेली आहेत, चौकशी केली तर आधी या वाटेने गेलेला कोणीतरी नात्यात सापडतो.

मुदत आधीच ठरवा, आणि ती मुलासमोर ठरवा. माझ्या मते पोटापुरतं दुसरं काम करत रोज तीन-चार तास देणाऱ्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं. पूर्ण वेळ दिला तरी सहा महिन्यांत होईल असं मला वाटत नाही, फलकावर काहीही लिहिलेलं असो. त्या विद्यार्थ्याला १४ महिने लागले. त्यातले आठ महिने तो तालुक्याच्या गावी एका आर्किटेक्टकडे नकाशे आणि अंदाजपत्रकं करत होता. मी हट्टाने त्याला ते काम धरायला लावलं होतं. घरात थोडे पैसे आले की बापाचा आवाज खाली येतो, आणि बापाचा आवाज खाली आला की पोराचं डोकं चालतं.

क्लासला पैसे भरायचेच असतील तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: कोण शिकवणार, मधेच सोडलं तर किती पैसे परत, आणि 'प्लेसमेंट' म्हणजे नेमकं काय, मुलाखतीचा निरोप की नोकरीचं पत्र. तोंडी "बघून घेऊ" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. क्लाससाठी कर्ज तर अजिबात काढू नका. तुम्ही फक्त फॉर्मवर सही करत आहात असं वाटतं, पण तो कधी कधी कर्जाचा कागद असतो. वाचल्याशिवाय सही नाही.

पहिल्या मुलाखतींत तो पडला. डेटाबेस विचारलं, अडखळला. ऑपरेटिंग सिस्टिम विचारली, त्याने ती वाचलीच नव्हती. एकट्याने शिकणाऱ्याच्या पायात अशी भोकं राहतात, संगणक शाखेच्या मुलाला ती चार वर्षांत आपोआप बुजवून मिळतात. पाचव्या ठिकाणी समोरच्याने विचारलं, "सिव्हिल सोडून इकडे का?" त्याने सळईचा प्रोग्राम उघडला. आधी उत्तर शून्य का आलं, मग पाच का आलं, मिस्त्री चार कसं म्हणाला, सगळं सांगितलं. बांधकामाच्या अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर करणारी ती छोटी कंपनी होती. तिथे तो आधी टेस्टिंगला लागला. पहिला पगार साइटवरच्या पगाराएवढाच होता, फक्त तारखेला मिळाला.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच्याच बरोबर रविवारी येणारा मेकॅनिकलचा एक मुलगा चार महिन्यांनी यायचा थांबला. त्याला दिवसभर पडद्यासमोर बसणं सहनच होईना. आज तो मलकापूरला एका कारखान्यात देखभालीचं काम पाहतो आणि मजेत आहे. ते चार महिने वाया गेले असं तो म्हणत नाही. कारखान्यातली स्वयंचलित यंत्रं ज्या नियंत्रकावर चालतात, त्याचा प्रोग्राम त्याला आता वाचता येतो, आणि बाहेरचा माणूस येईपर्यंत यंत्र बंद ठेवावं लागत नाही. संगणक शिकायचा म्हणजे आपली शाखा सोडलीच पाहिजे असं कुठे आहे?

शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गात यातलं काय आणायचं? लॅब लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि हे गणित घाला: २० फुटी पाइप आहेत. ७ फुटांचे ४ तुकडे आणि ६ फुटांचे ८ तुकडे हवेत. कमीत कमी किती पाइप लागतील? एका गटाला 'मोठा तुकडा आधी' या नियमाने कापू द्या, दुसऱ्या गटाला मनाने कापू द्या. इथे दोन्ही गटांचं उत्तर चारच येईल. मग सळईचं वरचं उदाहरण द्या आणि विचारा, तोच नियम तिथे का फसला? उत्तर लगेच सांगू नका. आमच्या वर्गात त्यावर पूर्ण तास गेला आणि घंटा झाल्यावरही शेवटच्या बाकावरची दोन पोरं फळ्याशीच उभी होती.